पदकाची कड

पहिल्या महायुद्धातलं पदक हातात आलं की लोक त्यावरचा राजाचा मुखवटा बघतात. मी पदक आडवं करून त्याची कड उजेडाकडे धरते. त्या अरुंद कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. घराण्याचा शोध तिथून सुरू होतो. दर दसऱ्याला चिंच लावून पदक घासलेलं असेल तर ही अक्षरं बुजत जातात. म्हणून ज्या घरी जाते तिथे पहिली विनंती हीच, की कृपा करून पदक घासू नका. धातूही पाहावा लागतो. युद्धपदक चांदीचं असेल तर माणूस बहुतेकदा पलटणीत होता. तेच ब्राँझचं असेल तर बहुधा मजूर तुकडीत, आणि मग कागद दुसरीकडे शोधायचे.

पाटण तालुक्यातल्या एका घरी अलीकडेच अशी पदक हातात घेऊन बसले होते. आजोबांचे वडील बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत, एवढंच तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जात होतं. ट्रंकेत चांदीचं पदक होतं आणि बशीएवढी ब्राँझची चकती होती. युद्धात मेलेल्यांच्या घरी ही चकती सरकारकडून येई. तिच्यावर ब्रिटानिया, सिंह आणि चौकटीत मृताचं नाव. मरणात सगळे सारखे म्हणून हुद्दा मुद्दाम वगळलेला. विचार चांगला होता, पण हुद्दा, नंबर, पलटण काहीच नसल्यामुळे नुसत्या चकतीवरून माणूस ओळखता येत नाही. इथे पदक होतं म्हणून निभावलं. कडेवर पलटण स्पष्ट होती: ११० मराठा.

घरातले काका म्हणाले, "आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात तिसऱ्या मराठ्यात होते. वडील एका पलटणीत, मुलगा दुसऱ्या." प्रत्यक्षात दोघं एकाच पलटणीत होते. १९२२ मध्ये सैन्याची फेररचना झाली तेव्हा १०३ची पहिली बटालियन झाली, १०५ची दुसरी, ११०ची तिसरी, ११६ची चौथी, ११७ची पाचवी 'रॉयल', आणि ११४ दहावी होऊन बेळगावला रंगरूट घडवू लागली. हा बदल ठाऊक नसला तर बाप आणि मुलगा कागदावर कायमचे वेगळे पडतात. ज्या पलटणीतून बाप परतला नाही, तिच्यातच मुलगा भरती झाला होता. हे कळल्यावर काका बराच वेळ बोलले नाहीत.

त्यानंतर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी. ती घरबसल्या संगणकावर पाहता येते, पण नावाने शोधू लागलात तर हमखास चुकाल. भरतीच्या वेळी कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. एकाच घराण्यातले पवार कुठे 'पोवार' तर कुठे 'पुआर' होतात, भोसल्यांच्या मध्ये 'न' येतो, जाधवांचा शेवट 'ओ'ने होतो. गावांचे हाल त्याहून वाईट. शिवाय तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा बराचसा सिंधुदुर्गसुद्धा, रायगडाचं नाव कुलाबा, आणि सावंतवाडी, फलटण, भोर, औंध ही संस्थानं वेगळी. म्हणून मी आधी पलटण आणि नंबर घालते, आणि नाव सगळ्यात शेवटी मोठ्याने वाचून बघते. डोळ्यांना परकं वाटणारं नाव कानाला ओळखीचं लागतं. नंबरही एकटा पुरत नाही, कारण प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र होते. तोच आकडा शेजारच्या पलटणीत दुसऱ्याच कुणाचा असतो.

नोंद सापडली. नंबर जुळला, वडिलांचं नाव जुळलं, गाव मोठ्याने वाचल्यावर जुळलं. मृत्यू जानेवारी १९१६, स्मरणस्थळ बसरा स्मारक.

या स्मारकाबद्दल मला राग आहे आणि तो लपवावा असं वाटत नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४०,०००हून अधिक जणांचं ते स्मारक. भिंतीवर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. नावं होती, ती वह्यांत ठेवली. ही वागणूक असमान होती हे आयोगाने २०२१ मध्ये मान्य करून माफी मागितली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात मेले, कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांत चावडीजवळ 'या गावातून इतके गेले, इतके मेले' असा दगड आहे. त्यावरही बहुधा आकडेच. नाव मिळालं की ते त्या घरात मोठ्याने वाचून दाखवणं मला माझ्या कामाचा भाग वाटतो.

जानेवारी १९१६ म्हणजे मेसोपोटेमियातल्या कुतचा वेढा. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला लढून त्या मागे हटल्या, ७ डिसेंबरला तुर्कांनी कुतला वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. त्या काळच्या पलटणींच्या रोजनिशा लंडनमध्ये क्यूच्या अभिलेखागारात आहेत. त्यांत गोऱ्या साहेबांची नावं येतात, शिपायांची फक्त संख्या. तरीही मी त्या वाचते, कारण पाऊस, चिखल, शिध्याची कपात, कूच किती मैल, हे सगळं त्यात मिळतं.

महार घराण्यांचे कागद वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 'नाक' शेवटी असलेली नावं आहेत; म्हणजे १८१८ पासूनचा धागा दगडावरच आहे. पुढे डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारखे पेन्शनर काप दापोलीत राहत. मग १८९०च्या दशकात महारांची भरती थांबवली, १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट निघाली. या मधल्या वर्षांत आजोबांची नोंद सापडत नसेल तर दोष कुटुंबाच्या आठवणीचा नाही. दार सरकारनेच बंद केलं होतं.

काकांच्या आजोबांसाठी बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला पत्र गेलं आहे. त्यांना पेन्शन होती, त्यामुळे आशा आहे. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात आणि लाँग रोल या कायमच्या नोंदवहीतली एक ओळ तेवढी मागे उरते.

शेवटचा कागद मात्र लष्कराचा नव्हताच. तलाठ्याच्या जुन्या फेरफारात, मोडीत, १९१८ची वारसनोंद निघाली. मयताचा मुलगा अज्ञान, म्हणून 'अ. पा. क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई, आणि पुढे तिचं नाव. काकांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या वंशावळीत फक्त पुरुष होते, लष्कराच्या नोंदीत तर ती कुठेच नव्हती. काकूंनी तिचं नाव वंशावळीच्या कागदावर नवऱ्याशेजारी लिहून घेतलं. तिचं माहेर कोणतं, ते आता शोधायचं आहे. सुगीनंतर वंशावळी सांगणारा हेळवी पोथी घेऊन येतो, आधी त्याला विचारू. त्याच्याकडे नसेल तर वरच्या आळीतल्या आजींकडे, त्यांना तालुक्यातल्या सोयरिकी पाठ आहेत.