स्लॅब निवेपर्यंत

रात्री साडेनऊला जेवणं उरकली की मी स्टुलावर चढून स्लॅबला आतून तळवा लावते. एप्रिलअखेर तो ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा लागतो. अंगणात वारा सुटलेला असतो, मीना नदीकडून गारवा येत असतो आणि आमच्या घरात मात्र अजून दुपारच चाललेली असते. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब रात्रभर खाली सोडत राहतो. पंखा लावला तर तीच झळ अंगावर येते. खाली शहाबादी फरशीवर मनी, तिची लेक चिंगी आणि बोका सोन्या पोट टेकवून, पाय ताणून पसरलेले असतात.

आमच्याकडे मांजर घरात कोंडून पाळतात हे पूर्वी कुणाला पटलं नसतं. मांजर गोठ्यात, कणगीभोवती, चुलीच्या उबेला. पण आमच्या वारूळवाडी गावाभोवती ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. चार वर्षांपूर्वी सोन्याचा भाऊ दिवेलागणीला बांधाकडे गेला तो परतलाच नाही. सकाळी पाटाच्या ओल्या मातीत ठसे दिसले. आमच्या तालुक्याला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं. त्याच्या पोटात जाणाऱ्या एकूण वजनात कुत्री ३९ टक्के निघाली आणि पाळीव मांजरं १५ टक्के. शेळ्या त्यांच्याही खाली, ११ टक्के. हे वाचलं आणि दाराला कडी लागली ती लागलीच.

बाहेरचं मांजर उन्हाळ्यात आपली सोय आपण बघतं. केळीच्या बुडाशी जाईल, हौदाच्या सावलीत बसेल, ठिबकच्या नळीखालच्या ओलीत पोट लावेल. घरातल्याला मात्र आपण ठेवू तेवढाच गारवा. त्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. दुपारी चिंगी फरशीवरून चालत गेली की मागे नाण्याएवढे ओले ठिपके उमटतात आणि बघता बघता वाळतात. बाकीचं अंग ती चाटून ओलं करते. ती ओल सुकताना धग घेऊन जाते. मांजराचं अंग मुळात ३८ ते ३९ अंशांचं. खोलीही तेवढ्यावर गेली, की अंगातली धग टाकायला जागाच उरत नाही.

म्हणून आमची तयारी मार्चमध्ये, छपरापासून सुरू होते. कळीचा चुना आदल्या दिवशी पिंपात भिजत घालायचा. तो खदखदून उकळतो, तेव्हा मांजरं आणि पोरं दोन्ही आत. थेंब उडाला तर डोळा जाईल. निवल्यावर त्यात थोडा फेविकॉल घालून गच्चीवर दोन हात मारायचे. हे आम्ही शेजारच्या पोल्ट्रीवाल्या दादांकडून शिकलो. त्यांच्या शेडवर दर उन्हाळ्यात चुना असतो, पत्र्यावर उसाचं पाचट पसरलेलं असतं, बाजूला गोणपाट ओली करून सोडलेली असतात. उन्हानं पक्षी मेले तर घरात पैसा येत नाही, म्हणून ऊन कुठून शिरतं हे त्यांच्याइतकं बारकाईनं कुणी बघत नाही. अहमदाबाद महापालिकेनं २०१३ साली उष्णतेशी लढायचा आराखडा केला आणि पुढे त्यात वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं कामही घेतलं. तत्त्व एकच: पांढऱ्यावरून ऊन परततं. पाचट आम्हीही पडवीच्या पत्र्यावर एक वर्ष टाकलं होतं. गारवा उत्तम होता, पण ठिणगीची धास्ती आणि पाचटात शिरणारी जनावरं यापायी काढून टाकलं. सोन्याला सापाच्या अंगावर जायची खोड आहे.

खिडक्यांचं आमचं बरेच दिवस चुकत होतं. आम्ही आतून जाड पडदे लावायचो आणि तरी खोली तापायची. काचेतून ऊन आत आलं, पडद्यावर पडलं, म्हणजे ते घरात आलंच की! आता टोमॅटोच्या रोपवाटिकेवरचं उरलेलं शेडनेट खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून हातभर लांब बांधतो. मावळतीच्या भिंतीला दोडक्याचा वेल चढवलाय. सासूबाई तर म्हणतात, "वेलाला पाणी घाल, भिंत आपोआप न्हाते."

सकाळी नऊच्या आत दारं-खिडक्या बंद. फरशी दोनदा नुसत्या पाण्यानं पुसायची. फिनेल मी घरातून हद्दपार केलंय. मांजर पंजे चाटतं आणि फिनेल त्याच्या पोटात जातं, ते त्याला विषच. पाणी मातीच्या परळात, तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब. मांजराचं मूळ कोरड्या, वाळवंटी मुलखातलं. तहान त्याला उशिरा कळते आणि लघवी घट्ट होते. बोक्याची तर तुंबतेसुद्धा. म्हणून उन्हाळ्यात कोरडं खाणं कमी आणि चिकन शिजवलेलं पाणी जास्त, त्यात मीठ नाही, कांदा-लसूण तर नाहीच. बर्फ घालून पाहिला. तिघांनीही ढुंकून पाहिलं नाही.

कूलरचं गणित साधं आहे. पाणी सुकताना हवेतली धग ओढून घेतं, पण हवा कोरडी हवी आणि आत आलेल्या ओल्या हवेला समोरून बाहेर पडायला वाट हवी. खिडकी बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोलीत चिकचिक होते. मे सरताना ढग जमू लागले की कूलर नुसता आवाज करतो.

गेल्या मे महिन्यात दुपारी वीज गेली ती चार तास. मी टोमॅटोच्या तोडणीवर होते. परत आले तर मनी कपाटाच्या वर बसलेली, तोंड उघडं, जीभ बाहेर. कुत्रं असं धापा टाकतं, त्यात विशेष काही नाही. मांजरानं टाकल्या की समजायचं, वेळ थोडा आहे. मी घाबरून ओला टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला. फोनवर डॉक्टर म्हणाले, "ताई, आधी तो टॉवेल काढा. आत वाफ कोंडते." मग साध्या पाण्यानं तिचे पंजे, काखा, पोट भिजवलं, पुठ्ठ्यानं वारा घातला आणि टोपलीत घालून नारायणगावला नेलं. ती वाचली. कपाटाच्या वर, म्हणजे स्लॅबच्या लगत, घरातल्या सगळ्यात तापलेल्या जागी ती का गेली असेल, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. घरी आल्यावर पाहिलं: न्हाणीघराचं दार वाऱ्यानं लागलं होतं. मोरीच्या ओल्या दगडावर तिची रोजची दुपार जायची. ती जागा बंद झाली आणि घाबरलेलं मांजर उंच गेलं. आता त्या दाराला कायमची वीट लावलेली असते.

राहिली रात्र. घर खऱ्या अर्थानं निवायचं तर रात्री ते उघडं हवं, आणि बिबट्या हिंडतो तो रात्रीच. शेतीची थ्री-फेज वीज रात्रपाळीला आली की माणसांनाही पाणी धरायला अंधारात उसात जावं लागतं. दिवसा वीज द्या, हे इथलं जुनं मागणं त्याचसाठी आहे. आम्ही दोन वर्षं खिडक्या लावून उकाड्यात निजलो. मच्छरजाळी सोन्यानं एका रात्रीत फाडली. शेवटी पिंजऱ्याला वापरतात तसली जाड लोखंडी जाळी गजांच्या आतून ठोकून घेतली, समोरासमोरच्या दोन खिडक्यांना. एक खालची, एक वरच्या झरोक्याची; गार हवा खालून आत, तापलेली वरून बाहेर.

आता साडेनऊला त्या दोन्ही उघडते. अंधारात मनीच्या बरगड्यांकडे बघत मिनिटभर श्वास मोजते. वीस ते तीसच्या आत असले की दिवा मालवते. उसाकडून कधी कुत्र्यांचा गलका येतो. तिघांचेही कान खिडकीकडे वळतात आणि थोड्या वेळानं पुन्हा पडतात. पहाटे चारच्या सुमारास मनी फरशीवरून उठते आणि माझ्या पायाशी गोधडीवर येऊन गुंडाळून बसते. तेव्हा स्टुलावर चढावं लागत नाही. स्लॅब निवलेला असतो.