बर्लिनची नाकेबंदी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग बंद केले. अमेरिका आणि ब्रिटनने विमानांतून माल पोहोचवून शहर जगवले. शीतयुद्धातला हा पहिला मोठा पेचप्रसंग बहुतेकांना एवढाच ठाऊक असतो. त्यात दोन्ही महासत्तांनी पाळलेला संयम आणि बर्लिनकरांनी स्वतः घेतलेला निर्णय हरवून जातो.

गैरसमज १: बर्लिन दोन जर्मनींच्या सीमेवर होते आणि भिंतीमुळे त्याची कोंडी झाली.

वस्तुस्थिती: तेव्हा दोन जर्मनी नव्हत्याच. पराभूत देश सोव्हिएत संघ, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या चार विजेत्या राष्ट्रांनी वाटून घेतला होता. बर्लिन सोव्हिएत विभागाच्या सुमारे १६० किलोमीटर आत होते आणि त्याचेही चार वाटे झाले होते. भिंत उभारायला सुरुवात झाली १३ ऑगस्ट १९६१ रोजी, नाकेबंदी उठल्यानंतर १२ वर्षांनी.

गैरसमज २: स्टॅलिनने काही कारण नसताना नाकेबंदी लादली.

वस्तुस्थिती: तात्कालिक कारण चलनाचे होते. जुन्या मार्कची किंमत इतकी घसरली होती की काळ्या बाजारात सिगारेटी चलनासारख्या फिरत. २० जून १९४८ रोजी पश्चिमी राष्ट्रांनी आपल्या विभागांत नवा डॉइशमार्क आणला. सोव्हिएत बाजूनेही स्वतःचे चलन काढले. मग डॉइशमार्क पश्चिम बर्लिनमध्येही आला आणि २४ जूनला वाटा बंद झाल्या. मुळाशी भीती होती ती वेगळे, बलवान पश्चिम जर्मन राज्य उभे राहण्याची. जर्मन आक्रमणात कोट्यवधी माणसे गमावलेल्या देशाची ही भीती समजण्यासारखी होती. तरीही त्यासाठी वीस लाखांहून अधिक नागरिकांना वेठीस धरण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

गैरसमज ३: पश्चिम बर्लिनकरांपुढे उपासमारीशिवाय पर्यायच नव्हता.

वस्तुस्थिती: शहराच्या दोन भागांत लोकांची ये-जा चालू होती, पूर्वेकडून चोरटा मालही येत होता. सोव्हिएत प्रशासनाने तर आपल्याकडे रेशनसाठी नाव नोंदवण्याची मुभा दिली. ती शंभरात पाचांच्या आसपास लोकांनीच घेतली. बाकीच्यांनी सुकवलेले बटाटे, तुटपुंजी वीज आणि कडाक्याची थंडी पत्करली. सप्टेंबरमध्ये राइशस्टागच्या, म्हणजे जुन्या संसदेच्या, पडक्या इमारतीसमोर लाखो लोक निषेधासाठी जमले. हा त्यांचा राजकीय कौल होता.

गैरसमज ४: हा सारा पराक्रम अमेरिकी वैमानिकांचा, आणि विमानांत मुख्यतः अन्न असे.

वस्तुस्थिती: मुलांसाठी रुमालांच्या पॅराशूटमधून चॉकलेट टाकणारे गेल हाल्व्हर्सन प्रसिद्ध झाले, पण वाहून आणलेल्या मालात सुमारे दोन तृतीयांश कोळसा होता. शहराला रोज चार-साडेचार हजार टन माल लागे. सुमारे २ लाख ७८ हजार उड्डाणांतून २१ लाख टनांच्या आसपास माल आला. त्यातला जवळपास चौथा हिस्सा ब्रिटिशांनी आणला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेचे वैमानिकही त्यात होते. फ्रेंच विभागातला टेगेलचा विमानतळ हजारो बर्लिनकरांनी सुमारे ९० दिवसांत बांधला. त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती.

गैरसमज ५: युद्ध निव्वळ नशिबाने टळले.

वस्तुस्थिती: ते जाणीवपूर्वक टाळले गेले. बर्लिनला जाणाऱ्या तीन हवाई मार्गांबाबत १९४५ मध्ये लेखी करार झाला होता. रस्त्यांबाबत तसा करार नव्हता. सोव्हिएत लढाऊ विमानांनी त्रास दिला, पण मालवाहू विमाने पाडली नाहीत. चार राष्ट्रांचे संयुक्त हवाई सुरक्षा केंद्र सगळा काळ चालू राहिले. जर्मनीतील अमेरिकी लष्करी प्रशासक जनरल ल्यूशस क्ले यांनी सशस्त्र ताफा रस्त्याने घुसवण्याचा प्रस्ताव मांडला, तो वॉशिंग्टनने मान्य केला नाही.

गैरसमज ६: केवळ विमानांपुढे सोव्हिएत संघ नमला.

वस्तुस्थिती: पश्चिमी राष्ट्रांनीही सोव्हिएत विभागाला जाणारा कोळसा आणि पोलाद रोखले होते, त्याचा फटका बसला. संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकेचे प्रतिनिधी जेसप आणि सोव्हिएत संघाचे प्रतिनिधी मलिक यांच्या वाटाघाटींतून १२ मे १९४९ रोजी नाकेबंदी उठली. विमानांची मालवाहतूक मात्र सप्टेंबरअखेरपर्यंत चालू होती. दरम्यान एप्रिलमध्ये नाटो करार झाला, मे महिन्यात पश्चिम जर्मनी आणि ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनी जन्माला आली. जे टाळण्यासाठी नाकेबंदी केली, तेच तिने लवकर घडवले.

म्हणूनच बर्लिनची गोष्ट केवळ विमानांची म्हणून सांगू नये. हाडवैर असलेल्या सत्तांनीही बोलणी आणि नियम यांचा एक धागा शाबूत ठेवला, म्हणून ती युद्धाविना संपली. आजच्या प्रत्येक नाकेबंदीकडे पाहताना आधी विचारायला हवे: तो धागा अजून शाबूत आहे का?