घन पृष्ठावरचा क्षणिक प्लाझ्मा

१०० फेम्टोसेकंदांचा लेसर झोत घन पृष्ठावर एकवटला, की अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पृष्ठालगतच दाट, तप्त प्लाझ्मा तयार होतो. पसरायला त्याला सवडच मिळत नाही. वेगवान इलेक्ट्रॉन आत घुसतात, उलट प्रवाह त्यांची भरपाई करतो. हा तोल ढळला, की प्रचंड चुंबकीय क्षेत्र उभे राहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे २.७ कोटी गॉसचे क्षेत्र नोंदवले. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस! संशोधकांनी नोंदवलेला चुंबकीय स्पंद मात्र फक्त ६ पिकोसेकंदांचा.

मोजण्याची रीत तितकीच देखणी. दुसरा, क्षीण झोत किंचित उशिराने त्याच जागी पाठवतात. परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण किती बदलले, यावरून क्षेत्र कळते. वाट ०.३ मिलिमीटरने वाढवली, की झोत १ पिकोसेकंद उशिरा पोहोचतो. माऱ्याने पृष्ठावर खड्डा पडतो, म्हणून पुढच्या माऱ्याआधी लक्ष्य सरकवतात.