वसतिगृहातील मुलींचे मन

दिवाळीच्या सुमारास जालना-मंठा रस्त्यावरील वाटूर व परतूर परिसरातून ऊसतोडीच्या गाड्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे म्हणजे एक ‘कोयता’. गाळप संपेपर्यंत तो परतत नाही. या काळात मुलीची शाळा तुटली, की तिचे लग्न लवकर उरकण्याकडे घरचा कल वळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे दिसले.

शाळेबाहेर पडलेल्या मुलींसाठी २००४ साली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची निवासी योजना आली. प्रथम ती आठवीपर्यंत होती. २०१८ नंतर बारावीपर्यंत विस्ताराची तरतूद झाली. निवास, भोजन व शिक्षण एकत्र देणाऱ्या या पर्यायी शाळेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु मुलगी वसतिगृहात आली म्हणजे तिची चिंता गावी राहिली, असे नव्हे. आईवडील दूरच्या फडावर, धाकटी भावंडे त्यांच्यासोबत आणि सुटीत घरी गेल्यावर लग्नाची बोलणी, हे ओझे घेऊनच ती वर्गात बसते. झोप उडणे, जेवण टाकणे, वारंवार पोट दुखणे यांस आळस वा सोंग ठरविणे सोपे असते.

रक्तक्षयासाठी दर आठवड्याला लोहाची गोळी देता येते, तिची नोंदही ठेवता येते. मनाच्या दुखण्याची नोंदवही नसते. २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने मानसिक आरोग्याला पोषणाच्या बरोबरीचे स्थान दिले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संबंध जोडण्याचे निर्देश दिले. हे निर्देश कागदावर राहिले, तर सारा भार पुन्हा एकट्या गृहप्रमुख बाईंवरच पडणार.

आरंभ मोठ्या खर्चाविनाही होऊ शकतो. ग्रामीण रुग्णालयातील समुपदेशकाची ठरलेली मासिक भेट, आईवडिलांशी दूरध्वनीवर बोलण्याची निश्चित वेळ, भिंतीवर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आणि सुटीहून न परतलेल्या मुलीची त्याच आठवड्यात चौकशी, एवढे तरी झालेच पाहिजे. हजेरीपटावरील कोरी जागा ही बहुधा मुलीने घातलेली शेवटची साद असते. ती ऐकणे हे शिक्षणाचेच काम होय.