आंबा, वेलची आणि काटा

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या घरी मुलं झोपली की मी ओट्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा मांडतो. सिगारेट सुटावी म्हणून व्हेपकडे वळलो. आता त्यातलं द्रव स्वतःच मिसळतो. प्रोपिलीन ग्लायकॉल चव खुलवतं, ग्लिसरीन वाफ दाट करतं. आंब्याचा अर्क ५ टक्के, वेलचीचा अर्धा टक्का, इथून सुरुवात. वेलची किंचित वाढली की आंबा गायब आणि तोंडात खोकल्याच्या औषधाची चव! म्हणून एका वेळी एकच घटक बदलायचा, १० मिलिलिटरच करायचं, बाटलीवर प्रमाण आणि तारीख लिहायची. ताज्या मिश्रणावरून मत बनवू नये. आठवडाभर अंधारात मुरलं की चव खरी कळते.

खायला चालतं ते ओढायला चालतंच असं नाही, हे मी कळकळीने सांगतो. तेलातला अर्क तर नकोच. तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. लोण्याच्या चवीचं डायअसिटिल ब्रिटनच्या २०१६च्या नियमांनुसार या द्रवात चालत नाही. निकोटिनही मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा तीव्र विकता येत नाही. ते कातडीतून शरीरात जातं, म्हणून हातमोजे घालूनच हाताळतो आणि बाटली कुलपात ठेवतो. भारतात २०१९पासून ई-सिगारेटच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी आहे. पुण्याला जाताना यातलं काहीच सोबत नेत नाही.