अंगणातील विद्यारंभ

लहान मुलाच्या वाचनाचा आरंभ पाटीवर अक्षरे गिरवण्यापासून होतो, अशी आपल्या समाजाची दृढ समजूत आहे. परंतु ज्याच्या कानावर गोष्ट पडली नाही, ज्याला स्वतःच्या बोलीत मनसोक्त बोलू दिले गेले नाही, त्याच्या हाती पुस्तक दिले तरी त्यातील शब्दांना त्याच्या अनुभवाचा आधार मिळत नाही, आणि हजेरीपटावर नाव असूनही ते मूल विद्येला परकेच राहते.

भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत मॉन्टेसरी पद्धतीला एतद्देशीय रूप देणाऱ्या ताराबाई मोडक यांना हे शिक्षण सुखवस्तू घरांपुरते राहावे हे मान्य नव्हते. म्हणून १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र काढले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत गेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना स्वच्छ करायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे, असा हा उपक्रम होता व त्यातूनच अंगणवाडी जन्मास आली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. तेथील मुली शाळेत येत नसत, कारण धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर असत. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले वापरले गेले. मुलाच्या गैरहजेरीचा दोष त्याच्या आईबापांवर न ढकलता तिचे कारण शोधणे, यातच या बायांचे थोरपण मला दिसते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी ही कामे अत्यावश्यक आहेतच. मात्र दप्तराच्या या भाराखाली सेविकेला गोष्ट सांगण्यास निवांत वेळ उरावा कसा? येथे गावाने तिच्या मदतीस यावयास हवे. १९६७ च्या कायद्याने मान्यता व अनुदान मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रभर आहेत. त्यांनी चित्रपुस्तकांची एक पेटी आलटून पालटून अंगणवाडीस द्यावी, ग्रामपंचायतीने तिच्या खर्चाची तजवीज करावी, जिल्हा परिषद शाळेतील मोठ्या मुलांनी धाकट्यांना वाचून दाखवावे, आणि दृष्टिहीन बालकासाठी स्पर्शाने कळणारी पुस्तके गावच्या शिंप्याकडून चिंध्यांची शिवून घ्यावीत. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळाने २०१५ पासून अनेक भाषांतील बालकथा विनामूल्य खुल्या केल्या आहेत, त्यांचाही उपयोग व्हावा. आणि गोष्ट सांगण्यास वस्तीतील आजीला अगत्याने बोलवावे. ती निरक्षर आहे ही सबब कोणी पुढे करू नये, कारण वारली, कातकरी किंवा पावरी बोलीतील गोष्ट तिच्याइतकी रंगवून सांगणारा दुसरा कोण मिळणार?