डोंबिवली खाडीकडे तोंड फिरवते

डोंबिवलीकराला त्याच्या गावाची खूण विचारा. तो नदी सांगणार नाही, डोंगर सांगणार नाही. "फास्ट गाडी थांबते," एवढेच सांगेल आणि घड्याळाकडे पाहील. पुणेकराला मुठा आहे, नाशिककराला गोदावरी आहे, वाईकराला तर कृष्णेचे घाटच्या घाट आहेत. आमच्या पश्चिमेला उल्हास नदीची एवढी रुंद खाडी दिवसातून दोनदा भरते आणि ओसरते. पण तिची आणि आमची ओळख लोकलच्या खिडकीतून, आणि तीही खिडकी मिळाली तर!

अलीकडे मात्र गावात निराळीच भाषा ऐकू येते. "खाडीकडचा फ्लॅट", "पुलाजवळची जागा", "रिंगरोडला लागून" असे शब्द भाजीच्या दुकानाशीसुद्धा कानी पडतात. ज्या रेतीबंदराकडे पूर्वी कोणी पाहुण्यालाही नेत नसे, तिथे आता संध्याकाळी माणसे बायकामुलांसह फिरायला जातात. दीडशे वर्षे खाडीकडे पाठ करून बसलेले गाव हळूहळू तिच्याकडे तोंड फिरवू लागले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण तोंड फिरवण्यापूर्वी चार गोष्टी नीट पाहून घेतल्या पाहिजेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडे मागे जाऊ. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-बदलापूर करीत कल्याणला येते आणि पुढे ठाण्याच्या उत्तरेने, घोडबंदरावरून, वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. कल्याण हे याच पाण्यावरचे जुने बंदर. शिवछत्रपतींनी आरमाराचा श्रीगणेशा याच खाडीत केला, आणि दुर्गाडीचा किल्ला त्याची साक्ष द्यायला अजून उभा आहे. पुढे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५४ साली ती कल्याणला पोचली, आणि माल व माणसे पाण्यावरून रुळांवर चढली. डोंबिवली वाढली ती रुळांच्या आधाराने. मुंबईत नोकरी आणि परवडणाऱ्या भाड्यात दोन खोल्या, हे तिचे भांडवल. मध्यमवर्गाने इथे बिऱ्हाडे केली आणि बिऱ्हाडांबरोबर आपले संस्कारही आणले. १९२४ साली गणेश मंदिर संस्थान निघाले, पु. भा. भावे, शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक इथे राहिले. १९९९ साली पाडव्याची शोभायात्रा प्रथम इथूनच निघाली आणि मग गावोगाव गेली.

गाव वाढले, पण सोयी मात्र नेहमी एक गाडी उशिराने आल्या. १९८३ साली महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची वस्ती १२ लाख ४७ हजारांच्या घरात गेली. भोवतालची २७ गावे १९८३ साली पालिकेत आली, २००२ साली बाहेर गेली आणि २०१५ साली पुन्हा आत आली. या ये-जा करण्यात कुणी कुणाला रस्ता द्यायचा आणि कुणी नळ द्यायचा, हा प्रश्न लोंबकळत राहिला. ठाणे-दिवा मार्गावरील पाचवी आणि सहावी लाईन २००८ साली मंजूर झाली व २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पहिलीत गेलेला मुलगा तेवढ्या काळात कॉलेजात पोचतो! कल्याणचा शंभर वर्षांचा पत्री पूल २०१८ साली पाडावा लागला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळात त्या चौकात किती संसारांची संध्याकाळ वाया गेली, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नसेल. आणि ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या गाड्यांतून पडून प्रवाशांचे प्राण गेले, तेव्हा एकाच रुळावर सगळे गाव टांगून ठेवण्याची किंमत काय असते, ते पुन्हा एकदा कळले.

म्हणूनच मोठागाव-माणकोली पुलाचे एवढे कौतुक. पूर्वी डोंबिवलीहून पलीकडच्या भिवंडीच्या बाजूला जायचे तर कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून किंवा शिळफाट्याकडून वळसा घ्यावा लागे. समोर किनारा दिसतो आहे, आणि तिथे पोचायला तास लागतो, अशी गंमत! एमएमआरडीएने २०१६ च्या सुमारास सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा सहा पदरी पूल हाती घेतला, आणि २०२४ साली त्यावरून हलकी वाहने जाऊ लागली. नाशिक महामार्ग आणि ठाणे एकदम जवळ आले. गावाला प्रथमच खाडीच्या बाजूने दार फुटले.

पण दार केले आणि अंगण करायचे राहिले, अशी आपली जुनी खोड आहे. सहा पदरी पुलावरून उतरलेली गाडी पश्चिमेच्या अरुंद रस्त्यात शिरते. मोठागावला दिवा-वसई मार्गाचे फाटक आडवे येते. तिथे उड्डाणपूल हवा हे पूर्वीच ठरले, पण त्याचे काम खाडीपुलाच्या मागे पडले. मोठागावहून दुर्गाडीकडे आणि तिथून टिटवाळ्याकडे जाणाऱ्या रिंगरोडचेही तेच. टिटवाळ्याकडचा भाग आधी झाला, खाडीकाठचा भाग जमिनींच्या संपादनात रेंगाळला. पूर्वेला कल्याण-तळोजा मेट्रोचा आरंभ मार्च २०२४ मध्ये झाला. सुमारे २२ किलोमीटर लांबीची आणि १९ स्थानकांची ही मेट्रो पुरी होईल तेव्हा मुंबईकडे तोंड करून बसलेल्या डोंबिवलीकराला नवी मुंबईची वाटही मोकळी होईल. कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ठरला आहे आणि डोंबिवलीची जेट्टीही त्या योजनेत आहे. म्हणजे ज्या पाण्यावरून आपले पूर्वज गेले, त्याच पाण्यावरून नातू कदाचित कचेरीला जाईल!

आता मुद्द्याची गोष्ट. खाडीकाठची जमीन ही साधी जमीन नव्हे. खाडी म्हणजे बशी नाही, श्वास घेणारी छाती आहे. पावसाचे पाणी नाल्यांतून खाडीला जाते ते ओहोटीच्या वेळी. भरती असली की खाडीचेच पाणी नाल्याच्या तोंडाशी उभे राहते आणि वरून आलेल्या पाण्याला वाट देत नाही. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच मुहूर्तावर आली की पाणी घरात शिरते. २६ जुलै २००५ हा दिवस या पट्ट्यातला कोण विसरेल? २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तीही याच उल्हासच्या खोऱ्यात. काठावरची तिवरे हे पाणी झेलतात, गाळ धरून ठेवतात आणि लाटेचा जोर मोडतात. म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांची तोड आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आतले बांधकाम थांबवले. तिवरांवर भराव टाकून केलेला प्लॉट स्वस्त वाटतो खरा. पण त्याचे उरलेले पैसे पाणी येऊन वसूल करते.

दुसरी गोष्ट नळाची. नवे घर पाहायला गेले की पुरुषमाणसे गॅलरीतून खाडी पाहतात. आमच्या घरातली मंडळी आधी मोरीत जाऊन नळ सोडतात आणि विचारतात, "पाणी किती वाजता येतं?" मला या प्रश्नात सबंध नगररचनाशास्त्र दिसते. डोंबिवलीपाशी उल्हासचे पाणी खारे आहे, पण वरच्या अंगाला मोहिली, बारावे येथे तीच नदी आपली तहान भागवते. उन्हाळ्यात तिला पाणी असते, ते बरेचसे आंध्र धरणाचे, भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेले. बारवी धरण आहे, त्याची उंचीही वाढवली आहे, पण त्यावर हक्क सांगणारी गावे कमी नाहीत. खाडीसमोर तीस मजले उभे करणे सोपे आहे. तिसाव्या मजल्यावर बादली भरणे अवघड आहे.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि ती सर्वांत जिव्हारी लागणारी. २०२२ साली उजेडात आले की डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींना पालिकेची परवानगी नव्हतीच. बनावट कागद करून त्यांवर महारेराची नोंदणी मिळवलेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण आत राहणारी माणसे कोण होती? बँकेचे कर्ज काढून, बायकोचे दागिने मोडून, हप्ते फेडत बसलेली तुमच्या-आमच्यासारखीच. नोंदणी पाहिली, कर्ज मिळाले, तेव्हा सारे ठीकच असणार, असे त्यांनी धरले. फसवणारा निसटू पाहतो आणि घर जाते ते राहणाऱ्याचे!

त्यानंतर महारेराने परवानगीचे कागद थेट पालिकांकडून पडताळण्याची पद्धत घातली, हे चांगले झाले. तरीही आपला शहाणपणा आपण सोडू नये. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर पाहावाच, पण बांधकामाची परवानगी आणि मंजूर नकाशा पालिकेच्या कचेरीत जाऊन स्वतः ताडून घ्यावा. जागा पूररेषेच्या कुठे येते ते विचारावे. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा. निळीच्या आत घर बांधायचेच नसते, आणि निळी व लाल यांच्या मध्ये अटींशिवाय नाही. शेजारचा नाला कुठे जातो, हेही एकदा पायी जाऊन पाहावे. पोरांना बरोबर न्यावे; भूगोलाचा याहून चांगला धडा शाळेत मिळणार नाही.

पुलाला, मेट्रोला, जेट्टीला माझा विरोध नाही. उलट या सगळ्या गोष्टी आमच्या पिढीच्या हयातीत पुऱ्या व्हाव्यात, अशीच इच्छा आहे. फक्त क्रम बदलावा. आजवर आधी इमारत, मग रस्ता, मग नळ आणि शेवटी गटार, असा आपला उफराटा संसार चालला. खाडीकाठी हा क्रम चालणार नाही, कारण तिथे चूक झाली की दाद मागायला पाणी थांबत नाही. गटार आधी, पाणी आधी, रस्ता आधी, आणि तिवरांची जागा तिवरांना. मग खुशाल बांधा घरे. गृहसंस्थांनी आपल्या वार्षिक सभेत लिफ्टच्या रंगावर तासभर वाद घालण्याऐवजी दहा मिनिटे आपल्या प्रभागाच्या विकास आराखड्याला दिली, तरी पुष्कळ होईल. आराखडा करताना हरकती आणि सूचना मागवतात, त्या आपल्यासाठीच असतात. महिनाभराची मुदत असते, आणि आपण मात्र मुदत संपल्यावर कट्ट्यावर बसून हरकती घेतो.

खाडीचे वारे चांगले आहे. त्या वाऱ्यात घर घ्यावे, गॅलरीत आकाशकंदील लावावा, मुलांना पलीकडच्या डोंगरांची नावे शिकवावीत. पण त्या घराचा कागद खरा असावा, नळाला पाणी असावे, आणि भरतीला तिची वाट मोकळी असावी.